सगळ्यांत एकच ताट

भूक लागली की माझं डोकं फिरतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा तर लग्नाआधीच शिकला. त्यामुळे बँकेनं त्याची बदली तोक्योला केली आणि त्याच्या पाठोपाठ मीही इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली, तेव्हा माझ्या आईला भूकंपाची नाही, माझ्या जेवणाची काळजी लागली. मी पक्की शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. आणि इथे ज्यात मासा दिसत नाही त्यातही मासा असतो, कारण दाशी नावाचं सुक्या माशाचं पाणी यांच्या स्वयंपाकात आपल्या फोडणीसारखं सगळीकडे असतं. पहिले कित्येक महिने मी दुपारी कोनबिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, आणलेल्या भाताच्या गोळ्यावर काढले. घरून डबा का नेत नाहीस, असं आई फोनवर विचारायची. सकाळी मुलीची शाळा, कचरा टाकायचे वेगवेगळे वार आणि आमच्या फुनाबोरी स्टेशनाहून सुटणारी ती ठरलेली गाडी, यांच्या धावपळीत डबा दर वेळी मागेच राहायचा.

मग मला काकू सापडल्या. आमचं ऑफिस बाकुरो-योकोयामा स्टेशनच्या मागे, कापडाच्या घाऊक दुकानांच्या गल्लीत आहे. त्याच गल्लीत काकूंचं बेन्तोचं, म्हणजे डब्यांचं दुकान. पुढे काउंटरवर काकू, मागे तळणीपाशी काका. दोघंही सत्तरीच्या आसपासचे. त्यांना मी मनातल्या मनात काकू-काकाच म्हणते, आणि जपानीत काय म्हणते ते इथे सांगण्यात अर्थ नाही. एक दिवस मी माझ्या मोडक्या जपानीत त्यांच्यापुढे माझं रडगाणं गायलं: मांस नको, मासा नको, अंडं नको, दाशीही नको. दुसरा कुणी दुकानदार असता तर वाकून माफी मागून मोकळा झाला असता. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उद्या या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डब्यात भोपळा, कमळकाकडी, तळलेला तोफू, सगळं समुद्रातल्या कोंबूच्या पाल्याच्या आणि अळंब्यांच्या पाण्यात शिजवलेलं. मी त्यांना बदल्यात बटाट्याच्या काचऱ्या शिकवल्या. मोहरी तडतडली तसे काका दोन पावलं मागे उडाले, म्हणून त्या मोहरीऐवजी तीळ घालतात. बऱ्या लागतात.

आता गंमत अशी की आमची कंपनी जे वेब ॲप बनवते, ते ऑफिसातल्या लोकांनी दुपारचे डबे मागवायचंच आहे. आसपासच्या इमारतींमधली माणसं त्यावर ऑर्डर द्यायला लागली आणि काकूंच्या दुकानापुढची रांग आटत गेली. एकदा थंडीत काउंटरवर माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. काकू डबा बांधता बांधता म्हणाल्या की दुकानाच्या जागेचा करार मार्चअखेर संपतोय. गिऱ्हाईक असंच राहिलं तर तो पुढे चालू ठेवायचा नाही, असं दोघांनी ठरवलंय. मी म्हटलं, मग आमच्या ॲपवर या की. त्या हसल्या. त्यांनी विचारून पाहिलं होतं, आणि आमच्याच कंपनीतून उत्तर आलं होतं की दुसरं स्वयंपाकघर जोडणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.

माझं डोकं फिरलं, आणि त्या वेळी तर पोट भरलेलं होतं. शक्य नाही म्हणजे काय! ते अशक्य आमच्या कोडमध्ये बसलेलं होतं आणि ते मला रोज दिसत होतं. ऑर्डर सांभाळणारा कोडचा जो भाग होता, तो ऑर्डर आली की स्वतःच आपलं स्वयंपाकघर तयार करायचा, आणि ते स्वयंपाकघर म्हणजे शहराबाहेरचा एकच एक मोठा केटरर. दुसऱ्या कुणाला आत घ्यायचं तर शंभर ठिकाणी फोडाफोड.

यावरचा उपाय आमच्या धंद्यात चांगला मुरलेला आहे. त्याला डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव ऐकून दवाखाना आठवतो, पण गोष्ट लग्नघरातली आहे. लग्नात आचारी नारळ आणायला स्वतः बाजारात जात नाही. कोठीच्या खोलीत किल्ल्या कमरेला लावून एक मामी बसलेली असते. आचाऱ्यानं नारळ मागितला की मामी नारळ काढून देते. उद्या मामीनं वाणी बदलला तरी आचाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं. या मामीला आम्ही कंटेनर म्हणतो. ॲप सुरू होताना तिला एकदाच सगळं सांगून ठेवायचं, की स्वयंपाकघर मागितलं तर हे दे, बिलाचं काम मागितलं तर ते दे. आणि आणखी एक गोष्ट सांगावी लागते, तीच खरी मेख. कोणती वस्तू सगळ्यांत मिळून एकच ठेवायची आणि कोणती प्रत्येकाला नवी काढून द्यायची, ते. किसणी पंगतीला एक असली तरी भागतं. ताट मात्र ज्याचं त्याला लागतं.

हे सगळं मला ऑफिसात पटवायचं होतं. इथे मीटिंगमध्ये कुणी नवं काही मांडत नाही. आधी एकेकाच्या टेबलाशी जाऊन हळू आवाजात बोलायचं, त्याच्या शंका ऐकायच्या, मग पुढच्या टेबलाशी जायचं. सगळ्यांचं झालं की मीटिंग, आणि ती नुसती अक्षता टाकायला. मला ते हळू बोलणं काही जमत नाही. पहिल्या टेबलाशी बोलले ते शेवटच्या टेबलापर्यंत पोचलं, त्यामुळे माझं काम लवकर उरकलं.

धाकधूक होती ती काचोंची. काचो म्हणजे आमच्या सेक्शनचे प्रमुख. पन्नाशी उलटलेले, आणि मूळ कोड त्यांनीच लिहिलेलं. जुन्या कागदाची पाठकोरी बाजू वापरतात, पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवतात, चहाची पुडी दोनदा बुडवतात. अशा माणसाला तुमचं कोड उचकटायचंय असं सांगायचं म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्याला हात घालण्यासारखंच. ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं, म्हणून मी सरळ काकूंच्या दुकानाचीच गोष्ट सांगितली. काचोंनी एक पाठकोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी तिथलंच बटाट्याचं कोरोक्के, म्हणजे तळलेलं कटलेट, खाल्लं होतं. त्याच कागदावर त्यांनी माझी सगळी मांडणी माझ्यापेक्षा सुबक काढली आणि ती घेऊन वर बुचोंकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे गेले.

बुचोंनी एक दिवस दिला. मार्चमधला एक शुक्रवार, फक्त आमचा मजला. त्या दिवशी आमच्या सगळ्यांचे डबे काकूंच्या स्वयंपाकघरातून येतील. काही गडबड झाली नाही तर दुकान ॲपवर कायमचं येईल. गडबड झाली तर विषय पुढच्या वर्षी. बुचोंना पुढचं वर्ष म्हणजे सहज बोलण्यातली गोष्ट वाटत असेल. काकूंना पुढचं वर्ष नव्हतंच.

पुढचे काही आठवडे माझे फार मजेत गेले. कोडमधली मीच करीन, मीच आणीन म्हणणारी सगळी खोडं वळणावर आणायची आणि मागेल त्याला मामीकडे पाठवायचं. घरी मी यावर इतकी बोलत होते की एकदा मुलीला पाणी घे म्हटलं, तर ती जपानीत म्हणाली, कंटेनरला सांग. नवऱ्यानं तिला टाळी दिली. दोघांनाही मी त्या रात्री कारल्याची भाजी वाढली.

एके दिवशी काचो माझं काम तपासायला बसले. एका ओळीपाशी थांबले. जेवणाऱ्याची आवडनिवड धरून ठेवणारी एक वस्तू होती, ती मी प्रत्येक ऑर्डरला नवी काढून द्यायला सांगितली होती. काम झालं की टाकून द्यायची. काचोंचा चेहरा पडला. दर वेळी नवी करायची आणि टाकायची? मोत्ताइनाइ, असं ते हळहळून म्हणाले. वस्तू वाया जाते तेव्हा या देशात हा शब्द येतो, भाताच्या शितापासून पाकिटापर्यंत. आणि मी कोण? जिची आई दुधाच्या पिशव्या धुऊन कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवते, तिची मुलगी. माझी मान डोक्याला न विचारताच हलली. काचोंनी एक शब्द बदलला. प्रत्येकाला नवी होती ती वस्तू सगळ्यांत मिळून एकच झाली. तपासणीत काही दिसलं नाही, कारण आम्ही दोघं एकाच खोट्या गिऱ्हाइकाच्या नावानं ऑर्डरी देऊन बघत होतो.

नवं कोड गुरुवारी संध्याकाळी चढवलं. इथले आगगाडीचे ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतात ना, तशी काचोंची पद्धत आहे. उभं राहून कंटेनरच्या एकेका ओळीकडे बोट करायचं आणि 'योशी', म्हणजे ठीक, असं खणखणीत म्हणायचं. शेजारी उभं राहून मीही बोट करत होते, योशी म्हणत होते. त्या ओळीलाही आम्ही दोघांनी एका सुरात योशी म्हटलं.

शुक्रवारी मी उत्साहाच्या भरात सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले आणि पहिली ऑर्डर माझीच टाकली. नेहमीचीच, मांस-मासा-अंडं-दाशी नको. मग देव पाण्यात घालून बसले. एकेक जण येत होता, ऑर्डर देत होता. कुणी तळलेलं चिकन, कुणी साल्मन, कुणी आल्यातलं डुकराचं मांस. ज्यानं जे मागितलं ते त्याला पडद्यावर बरोबर दिसत होतं. काचोंनी लांबूनच मला अंगठा दाखवला.

बाराला दार उघडलं आणि काकू आत आल्या. एरवी त्या लाल चौकड्यांच्या रुमालात असतात. आज काळा पोशाख, काळे मोजे, केस घट्ट बांधलेले. मागे काका, तेही काळ्या कोटात. डब्यांना रोजचा रंगीत कागद नव्हता, कोरा पांढरा होता. दोघं दारातच कमरेत वाकले आणि कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले. मग काकू अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, की आपणा सर्वांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

इथे कुणी वाकलं की समोरचा आधी वाकतो आणि मग विचार करतो. सगळा मजला उठून वाकला. मीही वाकले. वाकल्या वाकल्या शेजारणीनं मला विचारलं, कोण गेलं? मला काय माहीत! कुजबुज टेबलाटेबलावरून फिरायला लागली. सकाळपासून कोण दिसलं नाही याचा सगळ्यांनी हिशोब केला, तर बुचो दिसले नव्हते. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बुचो दातांच्या डॉक्टरकडून आले, गाल सुजलेला, आणि दारात थबकले, कारण त्यांच्याकडे बघून काही लोक दचकून मागे सरले होते.

शेजारणीनं गोंधळून आपला डबा उघडला. तिनं चिकन मागितलं होतं. डब्यात भोपळा, कमळकाकडी, तोफू, आणि एका कोपऱ्यात तीळ घातलेल्या माझ्या बटाट्याच्या काचऱ्या. पलीकडच्याच्या डब्यातही काचऱ्या. त्याच्या पलीकडेही. मी कपाळावर हात मारला. सकाळी पहिली मी आले, माझी आवडनिवड त्या एकुलत्या एका वस्तूत जाऊन बसली, आणि पडद्यावर काहीही दिसलं तरी नंतरच्या प्रत्येक ऑर्डरीबरोबर मामीनं स्वयंपाकघराला तीच उचलून दिली. आणि स्वयंपाकघरात सगळ्या मजल्याची ऑर्डर बिनमांसाची, बिनमाशाची बघून काकूंनी ओळखलं, की ऑफिसात कुणीतरी गेलंय आणि सुतकाचं साधं जेवण हवंय. असल्या वेळी फोन करून कोण गेलं म्हणून विचारायचं नसतं. कापून ठेवलेलं चिकन बाजूला सारून दोघांनी सगळा स्वयंपाक पहिल्यापासून केला होता, आणि वर काळे कपडे घालून आले होते.

मी काचोंकडे वळले आणि संतापानं तोंडातून मराठीच बाहेर पडलं, "अहो, पंगतीत सगळ्यांना मिळून एकच ताट वाढतं का कुणी?"

एक अक्षर कुणाला कळलं नाही, पण काचोंना सगळं कळलं. ते कंटेनरच्या त्या ओळीपाशी बोट धरून बसले होते, योशी न म्हणता. मग उठले, सगळ्यांसमोर बुचोंपुढे खाली वाकले आणि म्हणाले की चूक त्यांची आहे, एक वस्तू वाचवायला गेले होते. त्यांचा वाकलेला टक्कल पडू लागलेला माथा बघून माझा राग पार विरघळला. दुधाच्या पिशव्या वाळवणाऱ्या आईची मी मुलगी, त्यांना बोल लावणारी मी कोण! मीही त्यांच्या शेजारी जाऊन वाकले. पण खरी काळजी होती ती काकूंची. गडबड झाली होती. दिवस एकच होता. आणि काकू दारात पांढऱ्याफटक उभ्या होत्या, आपलंच काही चुकलं असं समजून.

बुचो कुणावर ओरडले नाहीत. सुजलेल्या गालावर हात ठेवून ते काकूंपाशी गेले आणि ऑर्डर बघू का म्हणाले. काकूंनी पिशवीतून टॅबलेट काढून दिला. बुचो तो वरपासून खालपर्यंत वाचत गेले. मग एक डबा उचलून तिथेच बसले आणि जेवायला लागले. दातांमुळे त्यांना मऊच हवं होतं. भोपळा खाल्ला, तोफू खाल्ला, काचऱ्या खाल्ल्या, शेवटचं शीतही टिपलं. सगळा मजला बघत होता. चॉपस्टिक्स खाली ठेवून ते म्हणाले, "स्वयंपाकघराला जे सांगितलं ते त्यांनी वेळेवर आणि नेमकं दिलं. ते पास. नापास आपलं कोड. सोमवारपर्यंत नीट करा आणि यांना जोडून घ्या."

काकूंना आधी कळेचना. मी त्यांना सांगितलं की कुणी गेलेलं नाही, आणि दुकानही जाणार नाही. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि काकांच्या काळ्या कोटाची बाही धरून हसायला लागल्या, ते थांबेचनात. मग सगळेच हसले. बुचोंना कुणीतरी सांगितलं की मघाशी आम्ही तुम्हाला गेलेलं धरून चाललो होतो. ते गाल धरून हसले आणि लगेच कळवळले.

तो शब्द मी परत बदलला, आणि यावेळी काचोंनी वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या टेबलांशी बसलेल्या माणसांकडून ऑर्डरी देववल्या. करार पुढे चालू राहिला. एप्रिलात आसपासच्या इमारतींच्या ऑर्डरी यायला लागल्या आणि काका तळणीपाशी घामाघूम दिसू लागले. शिवाय त्या दिवशीचा डबा परत हवा, असं बरेच जण म्हणू लागले, म्हणून काकूंनी तो शाकाहारी डबा या नावानं ॲपवर कायमचा लावला. मी आईला फोनवर ऐटीत सांगितलं की तुझ्या काचऱ्या तोक्योत विकल्या जातात. आई म्हणाली, मोहरी घालतात ना?

मे महिन्यात एकदा माझी सकाळची मीटिंग लांबली आणि ऑर्डर द्यायला गेले, तर शाकाहारी डबा संपला! संपला म्हणजे? माझा डबा? मान वर करून बघते, तर शेवटचा काचोंच्या टेबलावर. ते काचऱ्या चवीनं खात होते. वाया कसं घालवणार, असं त्यांचं तोंड होतं. माझ्या डोक्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. तरातरा जिना उतरून मी दुकानात गेले. लोकांसाठी मी कोड फिरवलं आणि मलाच उपाशी ठेवता, एवढं जपानीत कसं म्हणायचं ते वाटेत जुळवत होते.

मी तोंड उघडायच्या आत काकूंनी काउंटरखालून एक डबा काढून पुढे ठेवला. लाल चौकड्यांच्या रुमालात बांधलेला, अजून गरम. मी म्हटलं, ॲपवर तर संपलाय.

"तो सगळ्यांचा," काकू म्हणाल्या. "त्यात मी दाशी घालते, नाहीतर या लोकांना चव लागत नाही. तुझा पहिल्या दिवसापासून वेगळ्या भांड्यात करते."

मला हे ठाऊकच नव्हतं. इतके दिवस मी ॲपवर बटण दाबत होते आणि माझ्या कोडमुळे मला माझं ताट मिळतंय असं समजत होते. मी विचारलं, पण आज तर माझी ऑर्डर आलीच नव्हती.

"ऑर्डर आली नाही म्हणून तू जेवायची थांबणार आहेस का?" असं म्हणून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या, कारण मागे रांग दारापर्यंत आली होती.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते पुसलंही नाही. भांडायला आणलेलं सगळं जपानी विसरून गेले. काउंटरच्या टोकाशी उभी राहून मी तो डबा तिथेच उघडला आणि खाल्ला. काचऱ्यांमध्ये त्या दिवशी मोहरी होती.